नवरा साप चावून गेला, वावर सासूच्या नावावर, वरून गटाचे हप्ते. आधी काय करावं?

पांढरकवडा_रोड
शेजारच्या वहिनींसाठी विचारतोय. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, नाव सांगत नाही. दादा पोळ्याच्या आधी पराटीत (कपाशीत) निंदण करताना साप चावून गेले. वय 34. दवाखान्यात नेलं, पोस्टमॉर्टेमही झालं. पोरगी सातवीत, पोरगा चौथीत. तीन एकर कोरडवाहू, सातबारा सासूच्या नावावर. घर मातीचं, ई-क्लासवर (सरकारी जमिनीवर). मागची भिंत याच पावसात बसली, तिथं ताडपत्री बांधली आहे.

वहिनींवर दोन फायनान्सचं गटाचं कर्ज आहे. वसुलीवाला दुपारी येतो, अंगणातल्या बाजेवर बसतो आणि दिवेलागणीपर्यंत उठत नाही. गटातल्या बायाही टोचून बोलतात, कारण एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांना भरायला लावतात. एका कार्यालयात विचारलं तर म्हणाले, सातबारा मयताच्या नावावर नाही, काही मिळणार नाही.

आम्ही पोरांनी वर्गणी जमवली, अठरा हजार झाले. ते फायनान्सला देऊन कटकट मिटवावी की भिंत बांधावी? घटनेला तीन आठवडे झाले.

कापूसकोंड्या
भाऊ, तीन आठवडे झाले आन तुमी अजून वर्गणीतच अडकले? फायनान्सवाल्याले एक रुपया देऊ नका आत्ता. भिंतही राहू द्या. पयले कृषी सहायकाले गाठा. मुंडे योजनेचा अर्ज 30 दिवसांत द्या लागते. बाकी सारं मंग.

आर्णीकर_ताई
कापूसकोंड्या बरोबर सांगतात, फक्त नीट उलगडून सांगते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. सर्पदंश, वीज पडणं, विहिरीत पडणं हे सगळं यात येतं. मृत्यू झाला तर 2 लाख. आणि 'सातबारा त्याच्या नावावर नाही' हे उत्तर चुकीचं आहे. खातेदाराबरोबरच कुटुंबातला खातेदार नसलेला एक सदस्यही यात बसतो. खातेदार आई आहे आणि गेलेला तिचा मुलगा आहे, म्हणजे बसतो. वयाची अट 10 ते 75.

2023 पासून यात विमा कंपनी नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, निर्णय तहसीलदारांच्या समितीत. सासूचा सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसांची नोंद, पोलिसांचे कागद, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट जोडा. व्हिसेराचा (शरीरातल्या अवयवांच्या तपासणीचा) अहवाल आला नसेल तर त्यासाठी थांबू नका. जे हाती आहे ते लावून अर्ज आत टाका, राहिलेले कागद मागाहून. आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तोंडी 'नाही' म्हणणारा माणूस पोच देताना बरोबर नरम येतो.

वर्धेची_लेक
दादांचं पासबुक काढा आणि एंट्री मारून आणा. मे-जूनमध्ये 436 रुपये कापले असतील तर जीवन ज्योती विमा, 2 लाख. 20 रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा, तोही 2 लाख. सर्पदंश अपघातात धरतात. दोन्ही कापले असतील तर दोन्ही मागा. घरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं, कारण खातं उघडताना सह्या घेतलेल्या असतात. हेही लवकर करा, बँकेत उशिरा गेलं की प्रश्न वाढतात.

कापूसकोंड्या
हे भारी सांगतलं ताई. आमच्या गावात एकाचे पैसे अशेच पडून होते, पासबुक पेटीत आन पेटीले कुलूप.

पांढरकवडा_रोड
पासबुक पाहिलं. 20 ची एंट्री आहे, 436 ची नाही. उद्याच बँकेत जातो. पण वसुलीवाल्याचं काय? तो उद्याही येणार.

दिग्रस_६५
मी काही वर्षं अशाच एका कंपनीत वसुली केली आहे, म्हणून आतलं सांगतो. गटाच्या कर्जात बहुतेक वेळा बाईसोबत नवऱ्याचाही विमा काढलेला असतो, प्रीमियम कर्जातूनच कापलेला असतो. कर्जाचं कार्ड आणि मंजुरीचा कागद बघा. विमा असेल तर मृत्यूचा दाखला शाखेत लेखी द्या, बाकी रक्कम त्यातून वळती होते. वसुलीवाला हे आपणहून सांगणार नाही, त्याला महिन्याचा आकडा पूर्ण करायचा असतो.

दुसरं, रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कर्जासाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर तगादा लावता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं, सगळं बंद. दिवेलागणीपर्यंत बाजेवर बसून राहतो ना? एकदा मोबाइलमध्ये वेळेसकट फोटो काढा. आधी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी 14448.

कर्ज बुडवा असं मी म्हणत नाही. पण विम्याचं कळेपर्यंत वर्गणीतला पैसा तिकडे घालणं म्हणजे निव्वळ दान आहे, तेही चुकीच्या घरी.

पराटी_आणि_तूर
गावात पठाणी व्याजानं उचललेले पैसेही असतील तर तेही विचारून घ्या. बाया हे शेवटी सांगतात. परवाना नसलेला सावकार असेल तर 2014 च्या सावकारी कायद्यानं सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार होते. त्यानं वावर लिहून घेतलं असेल तर 15 वर्षांच्या आतला व्यवहार उलटवताही येतो.

नेरचा_मास्तर
लेकरांचं कुणी बोललं नाही. बालसंगोपन योजनेत एक पालक गेलेल्या मुलाला महिन्याला 2250 मिळतात, दोघांचे 4500. 18 वर्षांपर्यंत. अर्ज यवतमाळला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. शाळेचा बोनाफाईड लागेल, तो मास्तर लोक त्याच दिवशी देतील. घरात दरमहा येणारा हा सर्वांत मोठा पैसा ठरेल आणि लोक नेमका हाच विसरतात. पोरीची शाळा बाहेरगावी असेल तर तिला एसटीचा पास फुकट आहे.

वर्धेची_लेक
वहिनींना लाडकी बहीण मिळते का? मिळत असेल तर संजय गांधी निराधारचा अर्ज टाकताना विचार करा, दोन्ही एकत्र चालत नाही. रक्कम दोन्हीकडे 1500 च आहे.

आर्णीकर_ताई
मी तरी संजय गांधीच धरायला सांगेन. 1980 पासून चालू आहे, सरकारं आली नि गेली. मात्र 21 हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभचे एकरकमी 20 हजारही मागा, तेही तहसीललाच.

निवृत्त_सचिव
घराचं. भिंत पावसानं पडली ना? मग ती बांधण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा. एकदा विटा रचल्या की पंचनाम्याला काही उरत नाही. अंशतः पडझडीला कच्च्या घरासाठी 4000 आहेत, पूर्ण घर गेलं असं नोंदलं तर 1 लाख 20 हजार. त्यामुळे तलाठी काय लिहितो ते उभं राहून वाचा.

घरकुलाची यादी ग्रामपंचायतीत बघा. अडचण जागेची येईल. ई-क्लासवरचं अतिक्रमण नियमात बसेल या आशेवर वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. ग्रामसभेत गावठाणातली जागा मागा. ती नसेल तर दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत 500 चौरस फुटांसाठी 1 लाखापर्यंत मिळतात, पण त्यासाठी आधी घरकुल यादीत नाव हवं. हे काम लांबणारं आहे, म्हणून मी शेवटी सांगतोय.

पांढरकवडा_रोड
कृषी कार्यालयात अर्ज दिला, पोच मिळाली. साहेब आधी घेईनात. सासूबाई दारातच बसल्या, 'लिहून द्या का नाही घेत' एवढंच म्हणत राहिल्या. बँकेत सुरक्षा विम्याचा फॉर्म भरला. एका फायनान्सच्या कार्डावर दादांचा विमा निघाला, दुसऱ्याचं कार्ड सापडत नाहीये.

दिग्रस_६५
शाखेत कर्जाचा उतारा मागा, द्यावाच लागतो. वहिनींना एकटं पाठवू नका, गटातल्याच दोघी सोबत न्या. विमा निघाला तर सुटका त्यांचीही आहे.

कापूसकोंड्या
आन वर्गणीचं? जनधन खात्यात टाकू नका, त्यातूनच हप्ता कापत असन तं सारे जातीन. रब्बीत चना टाकाचा हाय का वावरात? तं बियाणं आन खत घेऊन द्या. उरले तं किराणा भरा, लेकरांचे स्वेटर घ्या.