नेट मीटर बसायच्या आधीच सोलर चालू केला, आणि अर्थिंगही एकच. काय करू?

नमस्कार मंडळी,

कराडजवळच्या आमच्या गावच्या घरी आई-बाबांसाठी ३ किलोवॉटचा ऑनग्रिड (जादा वीज कंपनीच्या लाइनवर जाते तो) सोलर बसवलाय. पीएम सूर्यघर या सबसिडी योजनेच्या पोर्टलवर अर्ज मी पुण्यातूनच भरला. ५४० वॉटची सहा पॅनेल आहेत. फिटिंग झालं त्याच संध्याकाळी ठेकेदाराने इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलतो तो) चालू करून दिला. "नेट मीटर येईल सावकाश, तोवर वापरा की," म्हणाला. (नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर.)

रविवारी गावी गेलो होतो. भर दुपारी पंखे, फ्रीज, सगळं बंद केलं, तरी जुन्या मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकतच होता. इन्व्हर्टर बंद केला आणि दिवा थांबला. म्हणजे आपली वीज बाहेर जात होती आणि मीटर तीच वापर म्हणून मोजत होता! कडक उन्हात दिवसाला बारा-एक युनिट तयार होतात, त्यातली निम्मीसुद्धा घरात लागत नाहीत. तेव्हापासून इन्व्हर्टर बंदच ठेवलाय. हे जादा युनिट बिलातून कमी करून मिळतात का? अर्जात काय लिहावं?

बिलाचं एक वेळ सोडा, मला झोप लागत नाही ती अर्थिंगमुळे. खड्डा एकच खणलाय आणि पॅनेलची फ्रेम, इन्व्हर्टर, लायटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणारा), तिन्ही त्याच पट्टीला जोडलेत. तिन्हींना वेगवेगळे खड्डे लागतात ना? शिवाय पॅनेलखालच्या वायरी पाइपात न घालता तशाच स्लॅबवर सोडल्यात, आणि एक कनेक्टर तर नेमका पाणी साचतं तिथेच. सहा पॅनेल सिरीजमध्ये म्हणजे उन्हात तीनशेच्या आसपास व्होल्ट डीसी, आणि इन्व्हर्टर बंद असला तरी त्या वायरीत ते असतातच. आई उन्हाळ्यात तिथेच कुरडया वाळत घालते. सध्या तिला गच्चीवर जाऊ नको म्हणून सांगितलंय.

त्यातल्या त्यात एक बरं. इन्व्हर्टर चालू असताना मेन स्विच पाडून पाहिला, तर तो लगेच बंद पडला. लाइन बंद असताना इन्व्हर्टर तिच्यात वीज सोडत राहिला तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाचा प्रश्न असतो, म्हणून आधी तेच तपासलं.

आता ठेकेदार काम पूर्ण झाल्याच्या कागदावर बाबांची सही मागतोय, अर्थिंगचं नंतर बघू म्हणतो. ७८,००० रुपयांची सबसिडी नेट मीटर बसून कमिशनिंग (सिस्टीम अधिकृतपणे चालू होणं) झाल्यावरच मिळणार, त्यामुळे बाबांना घाई झालीय. ठेकेदाराचे शेवटचे पैसे अजून आमच्याकडेच आहेत. सही अडवून धरली तर अर्ज रखडेल का? की वीज कंपनीच्या उपविभागात स्वतः जाऊन सगळं सांगू? यातून गेलेल्यांनी कृपया लिहा, शनिवारी तो परत येणार आहे.