आगेऱ्याच्या लोंब्या कोणाच्या कष्टाच्या?

प्रश्न: वसईत आमचं हळवं (लवकर तयार होणारं) भात कापून झालं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, आगेऱ्याला, म्हणजे आमच्या ख्रिस्ती लोकांच्या सुगीच्या सणाला, नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेल्या. पण जूनपासून चिखलात वाकलो मी. मग पीक देवाची कृपा कशी? श्रद्धेतही असंच असतं का?

प्रतिसाद: बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात हेच सांगितलंय (1 करिंथ 3:6). लावलं एकाने, पाणी घातलं दुसऱ्याने, वाढवलं देवाने. आवण (भाताची रोपं) तुम्हीच लावायची. दाण्यात दूध भरणं मात्र आपल्या हातात नाही.

प्रतिसाद: माझी आजी लोंब्यांबरोबर विळाही पुसून न्यायची. कष्टही अर्पणच, म्हणायची.

प्रश्नकर्ता: दूध भरण्याचं पटलं. यंदा भात पोटरीत असताना (लोंबी बाहेर पडण्याआधी) पाऊस गेला, तेव्हा रोझरीशिवाय (जपमाळेच्या प्रार्थनेशिवाय) हातात काहीच नव्हतं. विळा घरीच राहिला, पुढच्या वर्षी नेईन.