गच्चीवर कमी दिवसांची भाजी आणि घरात ससा: दोन्हीचा मेळ कसा बसवायचा?

गच्चीकर_राजारामपुरी

गच्ची 12 बाय 10 फूट, ऊन सकाळी 8 ते दुपारी 2. 2 बाय 1 फुटाच्या, 9 इंच खोल अशा आठ ग्रो बॅग आहेत. परतीचा पाऊस संपला की फेब्रुवारीपर्यंत 30 ते 45 दिवसांत निघणाऱ्या भाज्या घ्यायच्या आहेत. मुलीसाठी ससा आणलाय, चार महिन्यांचा, 1.2 किलो. यातला कुठला पाला त्याला चालेल? त्याच्या लेंड्या थेट मातीत टाकल्या तर झाडं जळतील का? आणि मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आला तर काय फवारायचं?

पोयटा_माती

आधी बियांचं बघू. पाऊस पूर्ण उघडल्याशिवाय पेरू नका. परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली की मेथीचं बी एका कोपऱ्यात गोळा होतं आणि रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. घाई असेल तर वर शेडनेट ताणा.

माती दोन भाग, गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग. साखर कारखान्याची मळी (उसाच्या रसातला गाळ) वापरणार असाल तर पूर्ण कुजलेलीच घ्या. ताजी मळी बॅगेत तापते आणि मुळं भाजून काढते.

मेथी रात्रभर भिजवून एका बॅगेला चहाचे दोन चमचे बी. मूठभर फेकलं की दाट होते, खाली हवा खेळत नाही आणि मर लागते. 25 ते 30 दिवसांत उपटा, थांबलात तर कडू होते. कोथिंबिरीचे धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायचे आणि 12 तास भिजवायचे. उगवायला 8 ते 12 दिवस लागतात. लोक आठव्या दिवशी बी खराब म्हणून माती उकरतात, तिथंच घोटाळा होतो. मुळा पुसा चेतकी घ्या, 40 ते 45 दिवसांत तयार. दोन रोपांत 4 इंच अंतर ठेवून विरळणी करा, नाहीतर नुसता पालाच मिळेल. लाल माठ 25 ते 30 दिवस, त्याला फार कौतुक लागत नाही.

आठही बॅगा एकाच दिवशी पेरू नका. दर 8-10 दिवसांनी दोन-दोन, म्हणजे काढणीही तशीच पुढंमागं येते.

लांबकान

दादा, सशाकडे येतो. एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा: भाजी हे त्याचं मुख्य जेवण नाही. मुख्य खाणं सुकं गवत, तेही दिवसभर समोर हवं. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. आतडी चालू राहतात तीही गवतातल्या चोथ्यामुळेच. पेलेट (सशाचं तयार दाणेदार खाणं) खायला देत असाल तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 25 ग्रॅमच्या पुढे नको.

चालतील: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, विरळणीत उपटलेली रोपं. मेथी थोडी. पालक, चाकवत, माठ यांत ऑक्झलेट नावाचा क्षार जास्त, म्हणून आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी चार पानं. कोबी-फ्लॉवरने पोट फुगतं. गाजराचा कंद म्हणजे त्याची मिठाई, नखाएवढा तुकडा पुरे. नवा पाला एका वेळी एकच सुरू करा आणि दोन दिवस लेंड्या बघा. पातळ झाल्या तर तो पाला बंद.

बिलकूल नको: टोमॅटो, वांगी, बटाट्याची पानं, कांदा, लसूण, अळू. गच्चीवर कण्हेर किंवा अडेनियमची कुंडी असेल तर ससा तिथं मोकळा सोडूच नका, दोन्ही विषारी.

रात्री तो ओलसर, घोसासारख्या लेंड्या तोंडानं घेऊन खातो. त्याला ओरडू नका, ते त्याचं नेहमीचंच खाणं आहे, त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. पण 12 तास खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. त्यांना ससा असल्याचं आधीच सांगा: पोटातून दिलेलं अमॉक्सिसिलिन (प्रतिजैविक) आणि अंगावर लावायचं फिप्रोनिल (पिसवा-गोचिडांचं औषध) कुत्र्याला चालतं, सशाला घातक.

पोयटा_माती

लेंड्यांचं राहिलंच होतं. कोरड्या लेंड्या थेट चालतात, शेणासारख्या तापत नाहीत. एका बॅगेला दोन मुठी, वरच्या इंचभर मातीत कालवून, तीन आठवड्यांतून एकदा. मात्र मुतानं भिजलेली पिंजर टाकाल तर अमोनियानं रोपांची टोकं करपतील. ती कंपोस्टच्या पिंपात दोन-तीन महिने कुजू द्या.

पंचगंगेकाठचा

थेट म्हणताय, पण कोथिंबीर नि मुळा आपण कच्चा खातो की. त्या बॅगांत लेंड्या आधी कुजवूनच टाका. थेट टाकायच्याच असतील तर वांगी-मिरचीला टाका.

माव्याला पिवळे चिकट सापळे लावा. फारच झाला तर संध्याकाळी एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण. फवारलेला पाला सशाला देऊ नका, एक बॅग त्याच्यासाठी बिनफवारणीची राखून ठेवा.

आणि गवत उसाच्या बांधावरनं आणू नका बघा. उसात तण मारायला 2,4-डी, अ‍ॅट्राझिन मारलेलं असतं. उसाचं वाढं (शेंड्याची पानं) म्हशीला ठीक, सशाला नको. कोवळी ज्वारी तर मुळीच नको, तिच्यात सायनाइड तयार होतं. हरळी चांगली. फुलोऱ्याआधी कापा, सावलीत पसरून काडी मोडताना कट्ट वाजेपर्यंत वाळवा. दमट भरलीत तर बुरशी धरते आणि मग फेकावीच लागते. कमी पडली तर ट्रेमध्ये गहू पेरा, 8-10 दिवसांत वीतभर होतो, कात्रीनं कापून द्या.

गच्चीकर_राजारामपुरी

सगळ्यांचे आभार. अजून दोन शंका. एप्रिलच्या उन्हात याचं काय करायचं? आणि गावाकडचे पाहुणे म्हणतात, ऊसतोडीत सशाचं पिल्लू सापडलं तर जोडीला आणून देतो.

लांबकान

पाहुण्यांना नको म्हणा. ते रानससं, पाळीव सशाची जात वेगळी. रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतो, त्याला घरी ठेवता येत नाही. शिवाय रानसशीण पिल्लांना एकटं ठेवून फक्त पाजायला येते, म्हणून पिल्लू एकटं दिसलं म्हणजे टाकलेलं असतं असं नाही. तोड चालू असेल तर जवळच्या बांधावर सावलीत ठेवायचं. जखमी असेल तर वनविभागाला कळवायचं.

उन्हाळ्यात गच्ची बंद. 30 अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा त्याच्या बराच वर असतो. ओल्या फरशीवर, पंख्याच्या झोतात नाही पण हवा खेळती राहील असं ठेवा. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली की तो स्वतःच टेकून बसतो. धापा टाकत असेल तर कान गार पाण्यानं ओले करा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, आणि डॉक्टर गाठा.

तारेच्या जाळीचा तळ असेल तर तो आजच बदला, पायाच्या तळव्याला जखमा होतात. पावसाळ्यात रोज मागची बाजू बघायची. लोकर घाण राहिली की माशा अंडी घालतात, आणि अळ्या एका दिवसात कातडी पोखरतात.