प्रतिसाद: हातात येणारा पगार धरू नका

ताई, हातात येणारा पगार मर्यादेच्या आत असूनही न्यूयॉर्कच्या हाउसिंग लॉटरीत (परवडणाऱ्या घरांच्या सोडतीत) अपात्र का ठरलो, असं तुम्ही विचारलंय. नोकरदारांचं उत्पन्न तिथे कर कापायच्या आधीचं धरतात. स्वतःचा धंदा असेल तर मात्र खर्च वजा जाऊन उरलेलं. माझंही असंच झालं होतं. पगाराच्या स्लिपा टेबलावर मांडून बसले, तेव्हा कळलं की दिवाळीआधीचा ओव्हरटाइम वर्षभराचा समजून जोडलाय! कंपनीकडून पत्र आणून दिलं तेव्हा कुठे हिशेब दुरुस्त झाला.

मर्यादा ठरते परिसराच्या मध्यम उत्पन्नावर आणि घरातल्या माणसांवर. 2024 साली तिघांच्या कुटुंबासाठी हे मध्यम उत्पन्न 1,39,800 डॉलर होतं. म्हणजे त्याच्या 60 टक्क्यांपर्यंत कमाई असलेल्यांसाठी ठेवलेल्या घराची मर्यादा 83,880 डॉलर. त्यामुळे सासूबाई तुमच्याबरोबर राहणार असतील तर त्यांचं नाव वगळू नका. माणूस वाढला की मर्यादाही वाढते. त्यांचं काही उत्पन्न असेल तर तेही धरलं जाईल, हे आलंच.

किमान उत्पन्नाचीही अट असते, आणि मला तीच जास्त टोचते. ज्यांना घराची खरी निकड, तेच कमी कमाईमुळे बाहेर राहतात. भाड्याचं सरकारी व्हाउचर असेल तर ही अट लागत नाही.

नकाराच्या पत्रावर अपिलाची मुदत छापलेली असते. ती आजच बघा, आणि स्लिपा तारखेनुसार लावून ठेवा.