अनुभव धागा : सैनिकी सेवा-नोंदींतल्या चुका दुरुस्त करताना

पत्नीचं नाव, जन्मतारीख, सेवेचा कालावधी, हुद्दा. डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त होताना मिळणारं सेवेचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधार या तिन्हींवर हे तीन तऱ्हांनी लिहिलेलं असलं तरी माजी सैनिकाची पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होत राहते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. अडतं ते त्यांच्या पश्चात, फॅमिली पेन्शन सुरू करताना. ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांनी नेमकं लिहावं : अर्ज कुठे, कागद कोणते, गाडं कुठे अडतं. आर्मी नंबर, पीपीओ नंबर, आधार क्रमांक मात्र कुणाचाही टाकू नका.

रेकॉर्ड ऑफिसचं काम माहीत असलेले

आधी नोंद कुठे जन्मते ते बघा. लग्न, मूल, बढती, काहीही झालं की युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे तो बदल कळवणारा आदेश काढतं, त्यावरून रेकॉर्ड ऑफिसमधल्या शीट रोलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या मूळ सेवा-पत्रकात, नोंद होते, आणि निवृत्तीच्या वेळी तिथूनच पीपीओचे कागद जातात. म्हणजे बँकेत किंवा सैनिक बोर्डात कितीही खेटे घातले तरी मूळ नोंद तिथे बदलत नाही. अर्ज आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसलाच करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला, वायुसैनिकांच्या दिल्लीला सुब्रोतो पार्कमध्ये. हे सगळं जवान आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर). अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीच्या मुख्यालयात असतात.

अर्जात आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहा. ते अक्षर नंबर बरोबर आहे की नाही हे पडताळण्यासाठीच असतं; ते गाळलं किंवा चुकलं की फाइल सापडायलाच वेळ जातो. हुद्दा, शेवटचं युनिट, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पीपीओ नंबर हेही वरच लिहा. एका अर्जात एकच दुरुस्ती मागा. नाव, जन्मतारीख आणि मेडल एकाच पत्रात मागितलं, तर त्यातल्या एका अपुऱ्या कागदासाठी सगळंच परत येतं.

सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज भरून देणारे

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त चूक पत्नीच्या नावाची. शीट रोलमध्ये नुसतं ‘सुनिता’ किंवा ‘सुनिताबाई’, आधारवर ‘सुनिता’पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव, बँकेत आडनाव आधी, आणि लग्नाआधीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. आपल्याला ही एकच बाई दिसते, कागदाला चार दिसतात. त्यात लग्नानंतर नाव बदललं असेल तर पाचवी.

आधी फरकाची जात ओळखा. इंग्रजी स्पेलिंग, ‘बाई’, आडनावाची जागा असा फरक असेल तर ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात कागदावर दिसतं तसं प्रत्येक नाव अक्षरन् अक्षर लिहा, आणि कोणतं नाव कोणत्या कागदावर आहे तेही. ‘वरील सर्व नावे’ एवढंच लिहिलेलं प्रतिज्ञापत्र परत येतं. नावच वेगळं असेल, म्हणजे माहेरचं ‘मंगल’ आणि सासरचं ‘शोभा’, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून ती प्रत जोडावी. सोबत विवाह नोंदणी दाखला, दोघांचं आधार आणि पॅन, जोडीचा फोटो, डिस्चार्ज बुकच्या कौटुंबिक तपशिलाच्या पानाची प्रत आणि पीपीओची प्रत. सगळं साक्षांकित. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या शिफारशीसह पाठवलं तर वजन पडतं.

मंजुरी झाली की कॉरिजेंडम पीपीओ, म्हणजे दुरुस्तीचा पीपीओ, निघतो. तो हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका. ‘नोंद घेतली आहे’ असं रेकॉर्ड ऑफिसचं पत्र म्हणजे अर्धीच वाट.

आणखी एक, जन्मतारखेबद्दल

पत्नीची जन्मतारीख लोक सोडून देतात, कारण त्याने आज काही अडत नाही. पण वयाच्या ८०व्या वर्षापासून मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ला ३० टक्के, ९०ला ४०, ९५ला ५०, १००ला १०० टक्के. फॅमिली पेन्शनलाही हेच. पीपीओत तारीख नसेल किंवा पाच वर्षं कमी वय लागलं असेल, तर ती जादा रक्कम तितकी वर्षं हुकते. शाळेचा दाखला, पासपोर्ट, पॅन, मतदार ओळखपत्र यांतलं जे सगळ्यात जुनं असेल ते लावा. कालपरवा दुरुस्त केलेल्या आधारवर शंका येते.

स्वतः सैनिकाची जन्मतारीख ही वेगळी गोष्ट. भरतीच्या वेळी नोंदलेली तारीख अंतिम मानतात आणि निवृत्तीनंतर ती बदलून मागणं जवळपास निष्फळ आहे. जनरल व्ही. के. सिंह लष्करप्रमुख असताना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेत १९५१ आणि मिलिटरी सेक्रेटरी शाखेत १९५० असं त्यांचं जन्मवर्ष नोंदलेलं होतं. २०१२ साली ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, याचिका मागे घेतली, आणि १९५०च कायम राहिलं. त्यामुळे शीट रोलमध्ये बरोबर आणि पीपीओत चूक, म्हणजे निव्वळ उतरवून घेतानाची चूक असेल, तरच इथे जोर लावा.

‘स्पर्श’वर

जुनी पेन्शन ‘स्पर्श’वर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर, आणताना बऱ्याच नोंदी अर्धवट आल्या : पत्नीचं नाव रिकामं, हुद्द्याचा गट चुकीचा, सेवेची वर्षं कमी. लॉगिन करून प्रोफाइलचं प्रत्येक पान जुन्या पीपीओशेजारी ठेवून वाचा. जुना पीपीओ बरोबर असेल तर तोच पुरावा, तो स्कॅन करून दुरुस्तीची विनंती टाका. जुन्यातच चूक असेल तर आधी रेकॉर्ड ऑफिस. नाहीतर विनंती फिरून तिथेच जाते आणि फेटाळली जाते. स्कॅन धुरकट, फोटो तिरका, फाइल ठरलेल्या आकाराहून मोठी, एवढ्या कारणांनीही नकार येतो. विनंतीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.

नोंद नक्की काय आहे तेच माहीत नसेल तर

माहिती अधिकार. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. ‘माझी सगळी माहिती द्या’ असं मोघम मागू नका. ‘शीट रोलची प्रमाणित प्रत’, ‘विवाहाच्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख’ असं मागा. पेन्शन नसलेल्यांचे सेवा-कागद २५ वर्षांनी नष्ट करतात हे लक्षात असू द्या. त्यानंतर उरतो तो लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची यादीवजा नोंदवही, त्यात नाव, नंबर, भरती आणि डिस्चार्ज इतकंच सापडतं. त्यांच्या घरातलं डिस्चार्ज बुक हा मग जवळपास एकमेव पुरावा. ते मूळ पुस्तक पोस्टाने कुणालाही पाठवू नका. हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि रेकॉर्ड ऑफिसकडे दुय्यम प्रतीचा अर्ज, याच क्रमाने.

वकिली बाजू

लेखी नकार मागून घ्या. फोनवरचा नकार कुठेच चालत नाही. अंतिम नकार मिळाल्यापासून ६ महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं; अर्जाला उत्तरच आलं नाही तर ६ महिने थांबून, त्यापुढच्या ६ महिन्यांत. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. म्हणून प्रत्येक अर्ज स्पीड पोस्टने, आणि पावती जपून.

मेडिकल बोर्डाचं मत, म्हणजे आजार सेवेमुळे झाला की नाही, हे मात्र नोंद-दुरुस्तीत मागू नका. ते अपील आहे, त्याची वाट आणि मुदत वेगळी. दुरुस्तीच्या अर्जाच्या उत्तराची वाट बघण्यात अपिलाची मुदत निघून जाते.

सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज भरून देणारे

वर एक राहिलं. प्रतिज्ञापत्रावर सैनिकाची स्वतःची सही असेल तर काम कितीतरी सोपं होतं. हात थरथरत असेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदारांसमोर.