विज्ञान थांबतं तिथेच देव?

विज्ञानाला अजून जे उलगडलेलं नाही तेवढीच देवाची जागा उरली, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. नाझींनी १९४५ मध्ये फाशी दिलेला जर्मन ल्युथेरन ख्रिस्ती धर्मचिंतक डीट्रिख बॉनहोफर बर्लिनच्या टेगेल तुरुंगात भौतिकशास्त्रावरचं पुस्तक वाचत होता. २९ मे १९४४ च्या पत्रात त्याने नेमका हाच, अज्ञानाच्या फटीत बसवलेला देव नाकारला. ज्ञान पुढे सरकलं की तो मागे हटणारच! देव शोधायचा तो जे कळलंय त्यात, आणि मरणाच्या, अपराधाच्या वेळेपुरता नव्हे तर धडधाकटपणी, कामात असतानाही. (श्रद्धाळूंनीच हे पत्र आधी वाचावं, असं मला कळकळीने वाटतं.) जुलैत बॉनहोफर आणखी पुढे गेला : देव या जगात दुर्बळ आहे, क्रूसावर आहे आणि तसाच तो आपल्यासोबत असतो. या देवाला विज्ञानाचा कुठला शोध हटवतो?