‘५० मीटर पाणीरोधक’ घड्याळात पाणी शिरले आणि वॉरंटी नाकारली. पुढे काय करावे?

सकाळची तुकडी (ठाणे):

नमस्कार. मी गेली चार वर्षे आठवड्यातून चार दिवस सकाळी तरणतलावावर जाते. मागच्या दिवाळीत मी १७,४९९ रुपयांचे एक स्मार्टवॉच कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेतले आणि ते मुख्यतः पोहण्याच्या फेऱ्या मोजण्यासाठीच घेतले होते. खोक्यावर ‘५ एटीएम, ५० मीटरपर्यंत पाणीरोधक’ असे (एटीएम हे दाबाचे एकक) ठळक छापलेले आहे आणि संकेतस्थळावरच्या चित्रात तर एक मुलगी तेच घड्याळ मनगटावर बांधून पाण्यात सूर मारताना दाखवली आहे.

दहा महिने काहीच तक्रार नव्हती. गेल्या मंगळवारी पोहून घरी आल्यावर काचेच्या आतल्या बाजूला, खालच्या डाव्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा वाफेचा ठिपका दिसला. दुपारपर्यंत तो रुपयाच्या नाण्याएवढा झाला, संध्याकाळी पडदा हात न लावताच चालू-बंद होऊ लागला (एका सहकारी बाईंना माझ्याकडून तीन वेळा फोन गेला) आणि रात्री घड्याळ बंद पडले ते पडलेच.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने मागचे झाकण उघडून आतली, पाणी लागले की रंग बदलणारी पांढरी चिकटपट्टी लाल झालेली दाखवली आणि ‘लिक्विड डॅमेज वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून बोर्ड बदलण्यासाठी ९,८०० रुपयांचा अंदाज दिला. घड्याळ पोहण्यासाठीच विकले आहे असे मी म्हटल्यावर तो म्हणाला की, पोहताना हात जोरात मारला की पाण्याचा दाब ५० मीटरच्या वर जातो. जॉब शीटवर मात्र ‘लिक्विड इन्ग्रेस’ (आत द्रव शिरला) एवढे दोनच शब्द आहेत. त्याचे म्हणणे खरे आहे का, आणि वॉरंटीचे दोन महिने शिल्लक असताना मला काय करता येईल?

चावीवाला (पुणे):

ताई, माझे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे आणि सील बदलून दाबाची चाचणी घेणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून आधी दाबाविषयी लिहितो. हात मारल्याने दाब ५० मीटरवर जातो हे वाक्य मी इतक्या काउंटरांवर ऐकले आहे की आता त्याचा राग येत नाही, पण ते चूक आहे. पाण्यात हात सेकंदाला ३ मीटर वेगाने फिरला, आणि हौशी पोहणाऱ्याच्या मानाने हा वेग चांगलाच आहे, तरी त्या वेगामुळे पडणारा जादा दाब जेमतेम अर्धा मीटर खोलीच्या पाण्याएवढा भरतो. तुम्ही पोहता ती खोली धरूनही बेरीज दोन मीटरच्या आत राहते. ५ एटीएमचे घड्याळ एवढ्या दाबाने गळले, तर गळतीचे कारण दाब नसून सील आहे.

आता कंपनीच्या बाजूनेही सांगतो. ‘५० मीटर’ म्हणजे घड्याळ घालून ५० मीटर खोल जावे असा अर्थ नाही. आयएसओ २२८१० या मानकाप्रमाणे स्थिर पाण्यात ठरावीक मिनिटे तेवढ्या दाबाची चाचणी होते, तीही नमुन्यादाखल निवडलेल्या घड्याळांवर झाली तरी चालते. प्रत्येक नग तपासण्याची सक्ती पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी असलेल्या आयएसओ ६४२५ या वेगळ्या मानकात आहे. शिवाय चाचणी होते नव्या घड्याळाची आणि साध्या पाण्यात. रबरी कडी कालांतराने ताठर होते आणि काच बसवायला वापरलेला चिकटपट्टा उष्णतेने ढिला पडतो. माइक आणि स्पीकरच्या भोकांमागे सूक्ष्म छिद्रांचा एक पातळ पडदा असतो, जो हवा जाऊ देतो पण पाणी अडवतो. साबण, शाम्पू किंवा तेल लागले की पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि तोच पडदा पाणी झिरपू देतो. गीझरच्या गरम पाण्यात किंवा उन्हात तापलेले घड्याळ गार पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि जिथे फट सापडेल तिथून पाणी आत ओढले जाते. म्हणूनच जवळजवळ सगळ्या माहितीपुस्तिकांमध्ये पोहायला परवानगी असते, पण गरम पाण्याच्या अंघोळीला आणि वाफेच्या खोलीला मनाई असते. ग्राहकाला हे उलटे वाटते, पण त्यात तथ्य आहे.

ठिपका खालच्या डाव्या कोपऱ्यात उमटला ही तुमची नोंद फार कामाची आहे. माझ्या अनुभवात त्या छिद्रांच्या पडद्यातून झिरपलेले पाणी स्पीकरच्या बाजूला आधी दिसते आणि चिकटपट्टा सुटलेला असला तर धुके काचेच्या कडेला धरते. तुमच्या घड्याळाचा स्पीकर कोणत्या बाजूला आहे, ते कधी फरशीवर पडले होते का, काचेच्या कडेला टवका आहे का आणि झाकण यापूर्वी कोणी उघडले होते का, हे कळवा. एक कानमंत्र: ते घड्याळ आता दुसऱ्या कोणाकडूनही, माझ्याकडूनसुद्धा, उघडून घेऊ नका.

दापोलीकर:

माझी गोष्ट हरलेल्या माणसाची आहे, पण उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आयपी६८ (धूळ आणि पाणी किती अडते याची श्रेणी) असे लिहिलेले घड्याळ घालून मी मे महिनाभर समुद्रात डुंबलो. आयपीच्या चाचण्या गोड्या पाण्यात होतात आणि ६८ मधल्या ८ चा अर्थ एक मीटरपेक्षा जास्त किती खोल व किती वेळ, हे ज्याची त्याची कंपनी ठरवते, हे मला नंतर कळले. मी घड्याळ गोड्या पाण्याने विसळले नाही आणि ओले असतानाच चार्जरला लावले. मागच्या पिनांवर हिरवट कीट चढले होते, ते पाहून सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली, आणि खरे सांगायचे तर ते बरोबर होते. तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवण्याचा प्रयोगही केला. तांदळाला काही झाले नाही, घड्याळालाही काही झाले नाही.

नव्या ग्राहक कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ आले आहे असे वाचले होते. त्याखाली ताईंना थेट निर्मात्याकडून भरपाई मागता येणार नाही का?

सकाळची तुकडी (ठाणे):

दोघांचेही आभार. काका, स्पीकर उजव्या बाजूला आहे, म्हणजे ठिपका त्याच्या विरुद्ध बाजूला होता. घड्याळ कधी पडलेले नाही, काचेला टवका नाही आणि झाकण पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरमध्येच उघडले. मात्र एक गोष्ट लपवत नाही: जानेवारीच्या थंडीत दोन-तीन वेळा मी घड्याळ न काढता घरी गरम पाण्याने अंघोळ केली आहे आणि माहितीपुस्तिकेच्या मधल्या एका पानावर तसे करू नये असे बारीक अक्षरात आहे. तलावावर मात्र शॉवरचे पाणी गारच असते. आता ही अंघोळ तक्रारीत लिहायची की नाही, हा प्रश्न मला छळतो आहे.

पावती जपून ठेवा (मुंबई):

मी वकील नाही. ग्राहक संघटनेत स्वयंसेवक म्हणून तक्रारींचे मसुदे लिहून देतो, त्या अनुभवावर लिहितो आहे.

अंघोळीचे विचारले तर सांगा. आपणहून खोटे लिहू नका. विचारले नाही तर स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करून देण्याचीही गरज नाही. जानेवारीतल्या दोन-तीन अंघोळींमुळे ऑगस्टमध्ये गळती झाली असे कंपनीचे म्हणणे असेल, तर ते तिने दाखवावे लागेल आणि त्यासाठी सीलची तपासणी करावी लागेल. तुमच्या प्रकरणाची सगळी मेख इथेच आहे. आत पाणी गेले होते हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. लाल झालेली पट्टी एवढेच सिद्ध करते. पाणी कुठून आणि का गेले, हे ती सांगत नाही. पाणी अडवेन असे सांगून विकलेल्या वस्तूत पाणी शिरणे हाच दोष असू शकतो, आणि त्याच पाण्याचे नाव पुढे करून दोषाची जबाबदारी टाळता येत नाही.

कायद्याचा आधारही तसाच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये ‘दोष’ शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यापेक्षा वस्तू कमी प्रतीची निघणे हेही येते, त्यामुळे खोक्यावरचा मजकूर आणि सूर मारणाऱ्या मुलीचे चित्र हे दोन्ही तुमचे पुरावे आहेत. संकेतस्थळावरचे ते पान तारखेसह आजच जपून ठेवा, कारण अशी पाने बदलतात. कलम २(४७) प्रमाणे पुरेशा चाचणीविना कामगिरीची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि चाचणी केली होती असा बचाव कोणी घेतला तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी बचाव घेणाऱ्यावर आहे.

दापोलीकर, उत्पादन दायित्वाचा मार्ग मात्र इथे चालणार नाही. उत्पादन दायित्वाच्या संदर्भात ‘हानी’ म्हणजे उत्पादनामुळे माणसाला झालेली इजा किंवा इतर मालमत्तेचे नुकसान. खुद्द त्या वस्तूचे नुकसान त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. घड्याळ तापून मनगट भाजले असते तर गोष्ट वेगळी होती. ताईंची तक्रार सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या तीन शीर्षकांखाली बसते.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला, त्याच्या कारणांपैकी एक हेच होते की आयफोनच्या जाहिरातीत पाणीरोधकतेचा गाजावाजा होता आणि वॉरंटी मात्र द्रवामुळे झालेले नुकसान वगळत होती. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला काही गॅलेक्सी फोनच्या पाण्यातल्या जाहिरातींबद्दल १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. हे निकाल आपल्या ग्राहक आयोगावर बंधनकारक नाहीत, पण तक्रारीत एका वाक्यात उल्लेख केल्याने बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा की पाणी कोणत्या जागेतून शिरले, सीलची स्थिती काय होती, दाबाची चाचणी घेतली का आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नकार दिला. उघडलेल्या घड्याळाची छायाचित्रे मागा. काउंटरवर वाद घालत बसू नका. तिथल्या मुलाच्या हातात काही नसते. खरेदी संकेतस्थळावरून असल्यामुळे ई-कॉमर्स नियम, २०२० लागू होतात, आणि त्यांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. त्यांचे नाव-पत्ता संकेतस्थळाच्या तळाशी सापडेल. त्यांना ईमेल करा, आणि त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक घ्या. बऱ्याच कंपन्या तिथेच नमतात. तिथे नाही जमले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे: २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि तुम्ही ठाण्यात राहता म्हणून तक्रार ठाण्यातच करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि वस्तू प्रयोगशाळेत पाठवावी लागली तर पाच महिने, असे लिहिले आहे. ते कागदावरचे महिने समजा. म्हणून १७,००० रुपयांसाठी आयोग हा शेवटचा मार्ग धरावा असे माझे मत आहे.

सकाळची तुकडी (ठाणे), पाच आठवड्यांनंतर:

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. चार प्रश्न लेखी विचारल्यावर सर्व्हिस सेंटरने उत्तर दिले नाही, पण तक्रार अधिकाऱ्यांचा तिसऱ्या दिवशी फोन आला. त्यांनी अंघोळीबद्दल विचारले, मी होय म्हटले. घड्याळ त्यांनी त्यांच्या कार्यशाळेत मागवून घेतले आणि अठरा दिवसांनी कळवले की काचेच्या खालच्या कडेचा चिकटपट्टा सुमारे एक सेंटिमीटर लांबीत नीट बसलेलाच नव्हता. ‘विशेष बाब म्हणून’ ते दुरुस्त करून नव्यासारखे केलेले घड्याळ विनामूल्य देत आहेत, पण त्यावर ९० दिवसांचीच वॉरंटी आहे आणि पत्रात पाणीरोधकतेचा उल्लेख कुठेच नाही. स्वीकारावे का?

पावती जपून ठेवा (मुंबई):

‘विशेष बाब’ हे शब्द ते वापरणारच, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. मात्र ‘बदली घड्याळही ५ एटीएमचेच आहे आणि पोहण्यास योग्य आहे’ हे एक वाक्य ईमेलवर मागून घ्या आणि ते आल्याशिवाय पोच-पावतीवर सही करू नका.

चावीवाला (पुणे):

आणि घड्याळ हातात आले की तलावात उतरण्यापूर्वी एखाद्या चांगल्या दुकानात कोरडी दाबचाचणी करून घ्या. ती हवेच्या पेटीत होते, घड्याळ ओले होत नाही, झाकणही उघडावे लागत नाही. नापास झाले तर निदान पाणी शिरण्याआधी कळेल आणि आत कोणतीच पट्टी लाल झालेली नसेल.

सकाळची तुकडी (ठाणे):

ते वाक्य काल ईमेलवर आले, घड्याळ शनिवारी येते आहे, चाचणीही करून घेते. सध्या फेऱ्या मनातच मोजते आणि अठराव्यानंतर हमखास चुकते.